भिंतीवरचे दोन-तृतीयांश

कमलेश भोईर विड्याची पानं, बर्फाची लादी आणि थंड पेयांचे क्रेट मोटरसायकलवर लादून कशेळे बाजारातून घरी आला, तेव्हा त्याला आपलं घर पटकन ओळखू आलं नाही. सकाळी निघताना कंपाउंडची भिंत पांढरीशुभ्र होती. थोरल्या हर्षलाची आज सुपारी फुटायची म्हणून त्यानं ती मुद्दाम रंगवून घेतली होती. कर्जत-मुरबाड रस्त्यानं जाणाऱ्या जीपमधल्या लोकांनी मान वळवून बघावं इतकी पांढरी. आता जीपमधले लोक खरोखरच मान वळवून बघत होते. चुलतभाऊ पदूच्या हद्दीपासून थेट फाटकापर्यंत भिंतीवर लालभडक गेरूनं काहीतरी लिहिलेलं होतं. आकडे होते, कंस होते, लांबच लांब आडव्या रेघा होत्या, आणि सगळ्याच्या सुरुवातीला एक ठसठशीत बाण होता.

"भाग्यश्री!" कमलेश ओरडला. "भिंतीला काय झालं गं?"

बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. "मला काय इचारता? लेकीच्या सरांना इचारा. मी आत वड्यांचं पीठ मळत व्हते."

"सर कुठं हाईत?"

"गेले. नाक्यावर जीप लागली व्हती."

सर म्हणजे गोपाळकृष्ण कर्णिक. कर्जतच्या एका कॉलेजातून गणित शिकवून ते निवृत्त झाले होते, म्हणजे कॉलेज निवृत्त झालं होतं. सर नव्हते झाले. कमलेशची धाकटी जागृती अकरावी सायन्सला होती आणि उद्या तिची चाचणी होती. घरात सुपारी आहे, आजचा दिवस राहू द्या, असं कमलेशनं फोनवर सुचवून बघितलं होतं. "सुपारी थोरलीची आहे, चाचणी धाकटीची," असं म्हणून सर पहिल्या जीपनं हजर झाले होते.

घरात-अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून तास फाटकाबाहेर, रस्त्याकडच्या भिंतीपाशी भरला. फळा भिंतीला टेकवला. इथवर सगळं रीतसर होतं. पण सरांचं एक व्रत होतं. डेरिव्हेटिव्ह काढायचा सोपा नियम, म्हणजे घात खाली आणायचा आणि घातातून एक वजा करायचा, साऱ्या जगाला पाठ असतो. सरांना त्या नियमाची शिसारी होती. "नुसतं उत्तर काय, पोपटही देतो," ते म्हणत, "पायऱ्या दाखवा." डेरिव्हेटिव्ह त्यांना मुळापासून, लिमिट घेऊनच लागे. एक्समध्ये एच नावाची चिमूटभर भर घालायची, फरक काढायचा, त्याला एचनं भागायचं आणि मग एचला हळूहळू शून्याकडे जाऊ द्यायचं. वर्गमुळाचं गणित असं फळ्यावर बसलं. मग जागृतीनं विचारलं, "सर, आणि घात दोन-तृतीयांश असला तर?"

ती चूक तिची. वर्गमूळ बिचारं एका कंसानं गुणलं की नांगी टाकतं. घनमुळांना लागतो मोठा कंस, तो अंशातही घालायचा आणि छेदातही, आणि त्या कंसाच्या पोटात पुन्हा घात. फळा दुसऱ्याच ओळीला संपला. सर मागं न बघता भिंतीवर सरकले. पांढऱ्या भिंतीवर पांढरा खडू उमटत नाही, ही अडचण कुणालाही शुद्धीवर आणायला पुरेशी होती. पण भिंतीच्या पायथ्याला लाल पट्टा ओढायचा म्हणून भाग्यश्रीनं गेरू कालवून ठेवला होता आणि त्यात कुंचलाही होता.

"तू बघत काय बसलीस?" कमलेशनं जागृतीला विचारलं.

"बघत नव्हते, उतरवून घेत होते."

"आडवायचं नाय का?"

"आडवलं ना. सर म्हणाले, अर्धी दाढी आणि अर्धं गणित घेऊन माणसानं उठू नये." जागृती जराशी घुटमळली. "खरं सांगू पप्पा? घनमुळांना ए आणि बी म्हटलं असतं ना, तर सगळं तीन ओळीत झालं असतं. फळ्यावरच."

"मंग बोललीस का नाय?"

"आत्ता सुचलं."

कमलेशनं फडकं ओलं केलं. पण जागृतीनं तो प्रयोग आधीच केलेला होता. एका कंसाच्या जागी गुलाबी ढग तरंगत होता. आणखी पुसलं असतं तर भिंत गुलाबी झाली असती आणि गणित तिथंच राहिलं असतं. पुन्हा रंग द्यायचा तर रंगाचा डबा बाजारात आणि पाहुणे वाटेत. इतक्यात रस्त्यावर हॉर्न वाजला आणि पाहुणे वाटेतही राहिले नाहीत.

लोधिवलीचे गोमाशेठ गाडीतून उतरले. मागून त्यांचा मुलगा ओमकार उतरला, म्हणजे नवरामुलगा. बाकीची मंडळी टेंपोतून येत होती. कमलेशनं चेहऱ्यावर हसू आणलं आणि अंगानं जेवढी भिंत झाकता येईल तेवढी झाकली. कमलेश चांगला रुंद होता, पण गणित त्याहून फार रुंद होतं.

गोमाशेठनी रामरामासाठी हात जोडले आणि ते तसेच राहिले. नजर कमलेशच्या खांद्यावरून मागं गेली होती.

इथं गोमाशेठबद्दल सांगायला हवं. त्यांच्या आयुष्यात दोन रस्ते आले होते. पहिल्यात ओटा गेला, दुसऱ्यात विहीर. मोबदल्याच्या पैशात दोन डंपर आले आणि दोन सख्खे भाऊ कोर्टात गेले. भिंतीवर लाल रंगानं जे जे काही लिहिलं जातं, त्यातलं त्यांच्याइतकं खालापूर तालुक्यात कुणाला कळत नव्हतं. नातेवाईक विजेच्या खांबावरचे नंबरसुद्धा त्यांना दाखवायला बोलवत.

"कमलेशभाऊ," ते हळूच म्हणाले, "कधी आलं हे?"

"हे व्हय? गनित हाय. धाकटीचं."

गोमाशेठनी त्याच्या पाठीवर मायेनं हात ठेवला. "आमालाबी असंच सांगितलं व्हतं. 'काय नाय काका, साधा हिशोब हाय.' तिसऱ्या म्हैन्याला ओटा गेला."

"नाय हो, खरंच गनित! जागृती, सांग गं."

जागृती पुढं आली. तिच्या मनात उद्याची चाचणी होती आणि कुणीतरी तोंडी घेतंय ही तिला संधीच वाटली. "काका, हा एच आहे. बाण शून्याकडे आहे. म्हणजे एच शून्याकडे जातो."

"एच म्हंजे हाऊस," गोमाशेठनी टेंपोतून उतरणाऱ्या मंडळींना समजावून सांगितलं. "हाऊस झिरो. बघा, लेकराला पन ठावं हाय आणि बाप दाबून बोलतोय."

"पण काका, शून्य होत नाय! फक्त जवळ जातं. अगदी जवळ."

"आमालाबी हेच! 'घराला लागनार नाय काका, फकस्त जवळून जानार.' आणि हे बघा, दोन भागिले तीन. हिस्सा पाडलाय. ही आडवी रेघ म्हंजे रस्ता. वरती हाय ती वरली आळी, खालती हाय ती खालची. आणि हा गुलाबी ढग..." गोमाशेठ थबकले. आयुष्यात प्रथमच त्यांना एक निशाणी नवीन होती. "हा बहुतेक पूल."

मंडळींनी माना डोलावल्या. ओमकारनं मान डोलावली नाही, पण तो बोललाही नाही. त्यानं डिप्लोमा केला होता आणि हे गणित त्यानं गाडीतूनच ओळखलं होतं. मात्र वडील बोलत असताना मध्ये बोलायचं त्याच्या घराण्यात अजून कुणाला जमलं नव्हतं.

"मग सुपारीला बसायचं ना?" कमलेशनं विचारलं.

"बसायचं की. पन जरा थांबू," गोमाशेठ म्हणाले. "राग नका मानू. माझे भाऊ माझ्याच पोराच्या सुपारीला आले नायत, बघताय तुमी. का? तर असाच एक बाण. रस्ता आला की पैसा येतो, आणि पैसा आला की भाऊबंद उठतात. तुमच्याकडं काय ते मिटू दे, मंग आपन धुमधडाक्यात करू. पोरगी कुठं पळून जात नाय."

आत खिडकीशी हर्षला नवी साडी नेसून उभी होती. पोरगी कुठं पळून जात नाही हे तिनं ऐकलं आणि ओमकारकडं बघितलं. ओमकार भिंतीकडं बघत होता.

"आमच्यात कायपन वाद नाय!" कमलेश म्हणाला. "माझा पदू म्हंजे सख्ख्याहून सख्खा."

तेवढ्यात हद्दीच्या भिंतीवर सख्ख्याहून सख्ख्याचं डोकं उगवलं. पदूनं सगळं ऐकलेलं होतं. "कमल्या! निशानी बरोबर माझी हद्द सोडून तुझ्याकडं कशी वळली रं? तुझ्या घरात रस्ता आणि माझ्या घरात काय, धूळ?"

"पदू, अरं ते गनित हाय."

"गनित तू केलंयस! साहेबाला पानी पाजून, चा पाजून, सगळा मोबदला एकट्यानं घ्यायचा, हे गनित! मी येत नाय सुपारीला. बघतो भावकीबिगर कशी फोडतोस ती!"

डोकं मावळलं. गोमाशेठनी कमलेशकडं बघितलं. त्या नजरेत विजय नव्हता, उलट दुःखच होतं. आपला अभ्यास पुन्हा एकदा खरा ठरल्याचं दुःख. भावकी बसल्याशिवाय सुपारी फुटत नाही, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. आतून तळलेल्या वड्यांचा वास येत होता आणि सुपारी फुटल्याशिवाय वडेही फुटणार नव्हते.

मग पुढचा बराच वेळ कमलेश पदूच्या दाराशी आणि भाग्यश्री पाहुण्यांच्या मिनतवाऱ्यांत होती. पदूनं दार उघडलं नाही, कारण तो घरात नव्हताच. कमलेश पुढच्या दारी हाका मारत होता, तेव्हा तो मागच्या दारानं बाहेर पडून कमलेशच्या भिंतीखालचा गेरूचा डबा उचलून आपल्या रस्त्याकडच्या भिंतीपाशी पोचला होता. तिथं त्यानं कमलेशच्या भिंतीवरचं सगळं बघून बघून उतरवलं. अक्षर सुबक होतं. एके काळी पदू निवडणुकीच्या भिंती रंगवायचा. फक्त बाण कमलेशच्या घराकडं तोंड करून होता. तो पदूनं फिरवला आणि आपल्या घराकडं केला.

इकडं नाक्यावर कर्णिक सर जीपमध्ये अडकले होते. जीप भरली होती, पण पूर्ण नव्हती. एक माणूस आला की निघू, असं ड्रायव्हर म्हणत होता आणि एक माणूस आला की ड्रायव्हरला आणखी एकाची आशा लागे. त्या रिकाम्या वेळात सरांच्या एकदम लक्षात आलं की आपण घाईत शेवटची ओळ लिहिलीच नाही. लिमिट घेतलंच नाही! एच तसाच लोंबकळत राहिला! सर चार मांड्यांवरून उतरले आणि उन्हातून उलटे चालू लागले.

नाक्याकडून येताना पदूचं घर आधी लागतं. तिथं सरांना भिंतीवर आपलंच गणित दुसऱ्या हस्ताक्षरात दिसलं आणि शेजारी कुंचला घेऊन उभा असलेला, मिशा पिकलेला विद्यार्थी दिसला. चाळीस वर्षांची सवय. सरांनी हात पुढं केला, पदूनं कुंचला दिला.

"कुठल्या इयत्तेत?"

"सातवीत सोडली, साहेब."

"मग प्रयत्न चांगला आहे." सर वाचत वाचत भिंतीच्या कडेनं सरकू लागले. "हं. हं. इथं कंस बंद केला नाहीस. आणि हा बाण उलटा कसा?"

"साहेब, माझं घर इकडं हाय."

"घराचा प्रश्न येतोच कुठं? शून्य एचकडे जात नाही. एच शून्याकडे जातो." आणि सरांनी पदूच्या बाणावर दणदणीत लाल फुली मारली. खाली लिहिलं: पाचपैकी एक. "हा एकसुद्धा अक्षराचा आहे," ते म्हणाले.

पदू मटकन ओट्यावर बसला. "फेटाळलं," तो पुटपुटला.

ही बातमी अंगणात पोचायला वेळ लागला नाही. कुणीतरी म्हणालं, साहेब स्वतः आलाय, पदूचं काट मारून कॅन्सल केलं. गोमाशेठ चपला न घालता धावले. मागून पाहुणे, त्यांच्यामागून कमलेश. सर तोवर कमलेशच्या भिंतीशी पोचून आपल्या अर्धवट ओळीकडं अपराधी नजरेनं बघत होते.

"साहेब," गोमाशेठनी हात जोडले, "गरिबाला एकदाच खरं सांगा. ह्याचं शेवटी काय होनार?"

सरांना भरून आलं. निकालाबद्दल अशी ओढ त्यांनी कॉलेजात कधी बघितली नव्हती. "सोपं आहे. दोन-तृतीयांश खाली येतात."

"खाली येतात," गोमाशेठनी मंडळींना सांगितलं. कमलेशनं घराकडं बघितलं आणि कुठले दोन-तृतीयांश, असा विचार त्याच्या मनात नको असताना आला.

"आणि राहतं काय, साहेब?"

"उणे एक-तृतीयांश."

"उणे म्हंजे," गोमाशेठनी विचारलं, "वरून आपल्यालाच द्यायचं?"

"उणे आहे म्हणून तो खाली छेदात जातो. घाबरायचं काही नाही."

"सर," कमलेश कळवळला, "तुमी सांगा ना ह्यांना हे गनित हाय म्हनून!"

"गणित नाही तर काय आहे?" सर रागावले. "गणितच आहे."

"साहेबपन तेच बोलतो," गोमाशेठ खिन्नपणे म्हणाले. "सगळे साहेब तेच बोलतात. बरं, एवढं तरी सांगा. हा एच झिरो कधी होनार? तारीख?"

आता सर खरोखरच संतापले. हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं दर वर्गात विचारला गेला होता आणि दर वेळी त्यांचं रक्त उसळलं होतं. "किती वेळा सांगायचं? एच शून्य होत नाही! तो शून्याकडे जातो. जवळ जातो, आणखी जवळ जातो, पण शून्य होत नाही. कधीच नाही! व्याख्येतच तसं आहे!"

गोमाशेठ एक पाऊल मागं सरले. "कधीच नाय?"

"कधीच नाही."

"म्हंजे नुसतंच येनार येनार म्हनत राहनार?"

"अगदी बरोबर," सर म्हणाले. "शाब्बास. हेच तर लिमिट."

गोमाशेठनी दीर्घ श्वास सोडला. "मंडळी, प्रस्ताव बारगळला! साहेबानं सगळ्यांसमोर सांगितलं, व्याख्येतच बसत नाय म्हनून. आणि पदूभाऊंचं तर मुळातूनच कटाप." ते पदूकडं वळले. "भाऊ, आता दोघांनाबी सारखंच, काय नाय. उठा. वडे गार होतायत."

पदूनं विचार केला. कमलेशला काही मिळणार नाही, ही गोष्ट आपल्याला काही मिळणार नाही या गोष्टीपेक्षा बरीच मोठी होती. तो उठला, त्यानं हात धुतले आणि भावकीच्या जागेवर सर्वांत पुढं जाऊन बसला. सुपारी फुटली. सरांनी शेवटची ओळ लिहिली, उत्तराभोवती चौकट काढली आणि मग मटणाला नको म्हणत त्यांनी चार गोड पदार्थांवर ताव मारला.

गडबडीत हर्षलानं ओमकारला ओट्याच्या कोपऱ्यात गाठलं. "तुमाला कळलं व्हतं ना ते गनित हाय म्हनून?"

"हो."

"मग बोललात का नाय?"

"बाबा बोलत होते."

हर्षला त्यावरून भांडली नाही, तिनं ही गोष्ट नीट ठेवून दिली. संसारात कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही.

लग्न वैशाखात होतं. त्याआधी कमलेशनं भिंतीला पुन्हा पांढरा रंग देऊन घेतला. पदूनं नाही दिला. त्याचं म्हणणं, फुलीसकट का होईना, नोंद राहू दे. आणि हळदीच्या आदल्या दिवशी भरदुपारी एक गाडी थांबली. दोघे उतरले. एकानं टेप धरली, दुसऱ्यानं लाल रंगाचा डबा काढला, कमलेशच्या भिंतीवर एक बाण मारला, खाली आकडा टाकला, आणि कमलेश बाहेर येईतो गाडी निघूनही गेली.

कमलेश त्या बाणासमोर बराच वेळ उभा राहिला. ह्या वेळी जागृतीला बोलवायची गरज नव्हती. त्याचा रंगसुद्धा गेरूचा नव्हता. सकाळी लोधिवलीची मंडळी येणार होती आणि रंगाचा डबा ह्या वेळीही बाजारातच होता.

गोमाशेठ आले. उतरल्याबरोबर त्यांनी भिंत बघितली.

"काय गं जागृती," गोमाशेठ खदखदून हसले, "परीक्षा झाली तरी अभ्यास चालूच? चालू दे, चालू दे!" आणि ते हळद लावून घ्यायला आत गेले.

खरं सांगितलं तेव्हा कुणी विश्वास ठेवला नव्हता. आज कमलेशनं तोंडच उघडलं नाही, आणि सगळ्यांचा विश्वास बसला. त्यानं तो बसू दिला.

लग्नाला कर्णिक सर सपत्नीक आले. प्रमोदिनीबाई आहेराची पिशवी घेऊन मांडवात गेल्या. सर फाटकाशीच थांबले. भिंतीवर नुसता बाण, नुसता आकडा, मध्ये काही नाही. एवढा उघडा अपराध त्यांच्या डोळ्यांनी पूर्वी बघितला नव्हता. कोपऱ्यात गेरूचा डबा होताच. बाणाखाली त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: 'उत्तर कोठून आले? पायऱ्या दाखवा.' आणि खाली वळणदार सही ठोकली.

आठवड्यानं ती गाडी पुन्हा आली. दोघांनी शेरा वाचला, सही निरखली, एकमेकांकडं बघितलं.

"हे कुनी लिवलं?"

"सर आलते," कमलेश म्हणाला. शब्द न शब्द खरा होता.

"कुठले सर?"

"कर्जतचे."

दोघांनी भिंतीचा फोटो काढला आणि वर पाठवला. वरून तो आणखी वर गेला. आता कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर सरकतोय, काम अगदी होत आलंय, असं अधूनमधून कानावर येतं. कमलेशनं एकदा जागृतीला विचारलं, "म्हंजे रस्ता येनार का नाय?"

"जवळ येतोय पप्पा," ती पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली.

हे पदूलाही कळलं. पुढच्या तासाला सर जीपमधून उतरले, तर तो गेरूचा नवा डबा घेऊन नाक्यावरच उभा.

"सर, माझ्याबी भिंतीवर तेवढी एक सही मारा ना."

सरांनी चष्मा वर सरकवला. त्यांना हा विद्यार्थी चांगला आठवत होता.

"आधी," ते म्हणाले, "बाण सरळ कर."